गाजराला फाटे व गाठी: बी नव्हे, आधी माती तपासावी

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी व आसपासच्या परसबागांत रब्बी गाजराची पेरणी तोंडावर आली असताना, दुफाट्याची, केसाळ व गाठाळ गाजरे निघण्याचा प्रश्न अधिक काळजीचा ठरतो आणि त्याचा सारा दोष बियाण्याच्या पाकिटावर टाकला जातो. बियाण्याला दोष द्यावा असे प्रसंग असतात. गाजराच्याच कुळातील, थंड मुलखांतील पार्सनिपचे बी वर्षभर ठेवले की त्याची उगवणशक्ती फार घटते. पण उगवलेल्या गाजराला फाटे फुटणे हा त्यांपैकी प्रसंग नव्हे. ताजे शेणखत, ढेकळे किंवा गोटे यांमुळे नुसते फाटे फुटतात. फाट्यांबरोबर बारीक मुळ्यांवर गाठीही असतील, तर मूळगाठ सूत्रकृमी, म्हणजे मातीतील ओलीतून सरकणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी, हेच कारण धरावे. हे कृमी गाजराच्या बियांतून येत नाहीत. रोपवाटिकेतील रोपांच्या मुळांतून, वाहत्या पाण्यातून आणि कुदळ-फावड्याला चिकटलेल्या चिखलातून ते वाफ्यात शिरतात.

या पट्ट्यात त्यांचे चांगलेच फावते, कारण पपई, केळी आणि मिरची ही येथील नगदी पिके त्यांना पोसतात आणि परसातील वांगी, टोमॅटो, भेंडी व काकडीही तेच करतात. पपईची बाग मोडल्यावर तिच्या कडेची पट्टी परसबागेला द्यावी, तीत पावसाळाभर भेंडी घ्यावी, भेंडी उपटताना मुळांवरच्या गाठी पाहूनही ती बांधावर फेकावी आणि त्याच ओळींत गाजर पेरावे, हा प्रकार वारंवार आढळतो. असे गाजर वरून हिरवेगार दिसते. उपटल्यावर मात्र सोलायलाही जड जाते.

नुकसान केव्हा ठरते, हे समजल्याशिवाय उपाय कळणार नाहीत. एक मादी चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि उबदार मातीत साधारण महिनाभरात नवी पिढी तयार होते. अंड्यातून निघालेली पिल्ले मुळाच्या शेंड्यातून आत शिरतात, आणि गाजराचे सोटमूळ पेरणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच खोल जात असल्यामुळे, त्या काळात शेंडा दुखावला की मूळ फाटते व पुन्हा सरळ होत नाही. पाने पिवळी दिसू लागल्यावर वाफ्यात ओतलेले कोणतेही द्रावण म्हणूनच पैशाची नासाडी होय.

तपासणी सोपी आहे. वाफ्यातील जुन्या पिकाचे झाड उपटून न घेता खणून काढावे व मुळे पाण्यात हळुवार धुवावीत. चवळी किंवा वालाच्या मुळांवरील नत्राच्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात आणि आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, त्यामुळे ती सुटत नाही. जुने पीक नसेल, तर वाफ्यातील माती कुंडीत भरून तीत टोमॅटोचे बी पेरावे आणि रोपे उगवल्यावर पाच-सहा आठवड्यांनी त्यांची मुळे पाहावीत.

घरगुती तोडग्यांची येथे फार चलती आहे. राखेने पालाश मिळते, कृमी मरत नाहीत. मिठाने कृमींआधी जमीन बिघडते; काळी माती चोपण होते. वाफ्याच्या चार कोपऱ्यांत चार झेंडू लावणे ही निव्वळ समजूत आहे, कारण झेंडूच्या मुळांतील कृमिनाशक द्रव्याचा परिणाम त्या मुळांच्या लगतच होतो. फोरेट, ज्याला गावोगाव थिमेट म्हणतात, त्याच्या वापरावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. घरात पडून राहिलेले असले तरी, जे मूळ घरातली मुले कच्चे खातात त्याच्या वाफ्यात ते टाकणे अक्षम्य आहे.

गाठी आढळलेल्या वाफ्यात या हंगामात गाजर पेरूच नये. तेथे झेंडू पूर्ण वाफाभर दाट लावून दोन-तीन महिने ठेवावा, नंतर मातीत गाडावा, आणि गाजरासाठी दुसरी, तपासलेली जागा निवडावी. पेरणीपूर्वी दोन आठवडे दर चौरस मीटरला सुमारे 100 ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळून ओल राखावी. ही पेंड कृमींची संख्या कमी करते, संपवत नाही. पुढील मे महिन्यात दूषित वाफा भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकावा. काळे प्लॅस्टिक मातीत तेवढी उष्णता पोहोचवत नाही. शंका असल्यास मुळांसह मातीचा नमुना कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.

पेरणी, विरळणी आणि पाण्याच्या पाळ्या सर्वांना ठाऊक आहेत. चुकते ते शेवटचे काम. गाठाळ मुळे उकिरड्यावर टाकली, तर तेच खत पुढच्या वर्षी पुन्हा वाफ्यात येते. म्हणून ती कडक उन्हात वाळवून जाळावीत, आणि त्या वाफ्यातली कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नये.