ससा खाईनासा झाला तर

मनमाडच्या आसपास वाड्यावस्त्यांवर गाय, बैल, शेळी, कोंबडी घरोघर दिसते. कुणी कुणी पोरांच्या हौसेखातर पांढरा ससाही पाळतात. शेळीचं दुखलं तर ती ओरडते. ससा ओरडत नाही. मुकाट कोपऱ्यात बसतो. म्हणून त्याचं दुखणं आपणच ओळखलं पाहिजे.

माळावरचा रानससा मात्र पकडून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. पाळीव सशाची जातच निराळी.

सशाचं पोट कसं चालतं?

गाय रवंथ करते. ससा रवंथ करत नाही. त्याचं आतडं सारखं चालतं राहावं लागतं. जात्यात दाणे पडत राहिले की पीठ पडत राहतं, तसंच हे. गवत आत जात राहिलं की लेंड्या बाहेर पडत राहतात. खाणं थांबलं की आतडं मंदावतं. आत वायू धरतो, पोट फुगतं. सशाला ओकताही येत नाही. मग एका दिवसातही तो दगावू शकतो.

रोज सकाळी काय पाहावं?

पिंजऱ्याखाली पाहा. गोल, कोरड्या, सारख्या आकाराच्या पुष्कळ लेंड्या दिसल्या तर पोट ठीक आहे. काही लेंड्या मऊ असतात. त्या ससा स्वतःच खातो. तो रोग नव्हे. त्यातून त्याला पोषण मिळतं.

दुखण्याच्या खुणा या:

१. गवताला तोंड लावत नाही.
२. लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद झाल्या.
३. अंग आखडून बसतो, दात करकर वाजवतो.
४. पोट ढोलासारखं घट्ट लागतं.
५. पातळ हगवण लागते. पिल्लांना ती फार लवकर मारते.

थांबू नका

पोर म्हणतं, "आजी, सशानं सकाळपासून काही खाल्लं नाही गं."
आजी म्हणते, "राहू दे रे बाळा. भूक लागली की खाईल."

इथंच घात होतो. अर्धा दिवस ससा खाल्ल्यावाचून राहिला, तर त्याच दिवशी त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्या. १९६२ या सरकारी क्रमांकावर फोन करूनही जनावरांच्या डॉक्टरांची मदत मागता येते. कधीपासून खात नाही, काय खायला घातलं होतं, हे डॉक्टरांना सांगा. चार लेंड्या कागदात बांधून न्या.

तोवर ताजं पाणी आणि गवत समोर ठेवा. कान गार पडले असतील तर फडक्यात गुंडाळून ऊब द्या. बैल फुगला की काहीजण गोडेतेल पाजतात. सशाला ते पाजू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. माणसांच्या गोळ्याही देऊ नका. पेनिसिलीनच्या जातीचं औषध पोटात गेलं तर ससा मरू शकतो.

दुखणं येऊच नये म्हणून

वाळलेलं गवत दिवसरात्र समोर असू द्या. तेच सशाचं मुख्य अन्न. हिरवा पाला मूठभर, तोही धुऊन. भाकरी, पोळी, बिस्किट, धान्य यांनी पोट बिघडतं. आपल्या भागात कांदा मुबलक. पण कांदा किंवा कांद्याची पात सशाला विषासारखी आहे. ती घालू नका. खाणं बदलायचं तर आठ दिवसांत हळूहळू बदला.

उन्हाळ्यात मनमाडला पाण्याची ओढ असते आणि पारा चाळिशीला जातो. सशाला ऊन सोसत नाही. पिंजरा सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. घरात पाणी कमी असलं तरी सशाची वाटी कोरडी पडू देऊ नका. पाणी तुटलं की आतडंही थांबतं.

पिंजऱ्याची जमीन रोज झाडून कोरडी ठेवा. घाणीतून हगवणीचे जंतू पिल्लांच्या पोटात जातात.

सांगा पाहू:
१. निरोगी सशाच्या लेंड्या कशा असतात?
२. ससा किती वेळ खाल्ल्यावाचून राहिला तर दवाखान्यात न्यावा?
३. सशाला काय काय घालू नये?