नगराची वार्षिक मॅरेथॉन : एक सामुदायिक शिक्षण

पांढुर्णा जिल्ह्यातील लोधीखेडा हे महाराष्ट्राच्या सीमेजवळील, सौंसर परिसरातील गाव. संत्री आणि कापूस पिकविणाऱ्या या पट्ट्यात मराठी घरोघरी बोलली जाते. येथील कोणत्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे उभे राहिले, तर सैन्य वा पोलीस भरतीची तयारी करणारी चार-दोन मुले धावताना दिसतात. भरती झाली की हे धावणे संपते. भरतीत अपयश आले तरीही संपते. मुलींचे धावणे बहुधा शाळेबरोबरच थांबते, आणि प्रौढ माणूस धावू लागला तर लोक कुतूहलाने पाहतात. धावणे ही अशा रीतीने केवळ नोकरीची एक अट होऊन बसली आहे. तिला सर्वांच्या जीवनात स्थान कसे देता येईल, हा विचार करताना मोठ्या शहरांतील वार्षिक मॅरेथॉनचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

शर्यतीचा पूर्वेतिहास

ख्रिस्तपूर्व ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईत ग्रीकांनी विजय मिळविला व ती वार्ता एका दूताने अथेन्सपर्यंत धावत नेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम घेण्यात आली. ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहून नेण्याचे काम करणारा सामान्य ग्रामस्थ होता. आज रूढ असलेले ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले व १९२१ मध्ये कायम झाले.

मराठी मुलखाचाही या इतिहासाशी जुना संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यातील मुले अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिली आणि भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्यासाठी पुढाकार घेतला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

शहरांचा अनुभव

पुण्यात १९८३ साली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते. जानेवारीतील एका रविवारी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून धावपटू निघतात आणि एरवी वाहनांनी भरलेले रस्ते काही तास पायी चालणाऱ्या-धावणाऱ्या माणसांचे होतात. पूर्ण आणि अर्ध्या मॅरेथॉनबरोबर लहान अंतराची सामुदायिक धाव, ज्येष्ठ नागरिकांची धाव व दिव्यांगांसाठी वेगळा विभागही असतो. मार्गावरील रहिवासी पाणी, बिस्किटे, संत्र्याच्या फोडी घेऊन उभे राहतात. अनेक धावपटू आपल्या धावण्याच्या निमित्ताने स्वयंसेवी संस्थांसाठी निधी गोळा करतात. त्यातून शिक्षण, आरोग्य आणि दिव्यांगांच्या कार्याला मोठे साहाय्य मिळते.

महानगरापुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. सातारा या जिल्ह्याच्या गावी २०१२ पासून अर्धमॅरेथॉन होत आहे. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून धावपटू कासच्या दिशेने जातात आणि परततात. शर्यतीच्या निमित्ताने बाहेरगावचे धावपटू साताऱ्यात उतरतात, तसे स्थानिक स्त्री-पुरुषही सरावासाठी रस्त्यावर येतात. याच जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत प्रथम क्रमांक मिळविला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. शहराने भरविलेल्या शर्यतीतून खेड्यातील मुलीचे कर्तृत्व देशासमोर येऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

दरवर्षी होण्याचे महत्त्व

या सर्व उदाहरणांत समान धागा आहे तो नियमिततेचा. एकदाच झालेली शर्यत हा समारंभ ठरतो; तीच दरवर्षी ठरल्या दिवशी होऊ लागली की तिची प्रथा बनते. दिवस ठाऊक असला म्हणजे माणूस चार-सहा महिने आधीपासून सराव करतो. एका सकाळच्या शर्यतीपेक्षा या सरावाचाच आरोग्याला अधिक लाभ होतो. नियमित व्यायामामुळे रक्तदाब, मधुमेह व हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे सर्वमान्य आहे.

संयोजनाचेही तसेच आहे. पहिल्या वर्षी पाणी कमी पडते, दुसऱ्या वर्षी ते पुरते. वाहतूक कोठून वळवावी, रुग्णवाहिका कोठे उभी करावी, हे अनुभवाने कळते. पंढरीच्या दिंड्यांची शिस्त पिढ्यानुपिढ्यांच्या नेमातून घडली आहे. पाणी कोणी द्यावे, मुक्काम कोठे करावा, वृद्धांना कोणी सांभाळावे, हे तेथे दरवर्षी नव्याने शिकवावे लागत नाही. वार्षिक शर्यत गावाला असेच शिक्षण देते.

लहान गावी काय करता येईल

लोधीखेड्यासारख्या ठिकाणी ४२ किलोमीटरचा हट्ट धरण्याचे कारण नाही. प्रौढांसाठी ५ किंवा १० किलोमीटर, शाळकरी मुलांसाठी २ किलोमीटर आणि वृद्धांसाठी चालण्याचा छोटा टप्पा एवढे पुरेसे आहे. मुली व महिलांचा विभाग पहिल्या वर्षापासूनच असावा. तो पुढे कधीतरी सुरू करू, असे म्हटल्यास सहसा सुरू होत नाही.

मार्ग मोजण्याचे काम शाळेने घ्यावे. आंतरराष्ट्रीय शर्यतींचे मार्गही सायकलच्या चाकाचे फेरे मोजूनच निश्चित केले जातात. चाकाला खूण करून त्याचा परीघ मोजावा. तो २ मीटर १० सेंटिमीटर भरल्यास ५ किलोमीटरसाठी सुमारे २,३८१ फेरे होतील. परीघ, गुणाकार व भागाकार यांचा हा पाठ विद्यार्थी सहसा विसरणार नाहीत.

काही दक्षता मात्र कटाक्षाने पाळाव्यात. या भागातील ऊन कडक असल्याने डिसेंबर-जानेवारीतील पहाटेची वेळ निवडावी. दर दोन-अडीच किलोमीटरवर पाणी ठेवावे व जवळच मीठ-साखरेच्या पाण्याची सोय असावी. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा बोलताना गोंधळ होणे ही लक्षणे दिसताच धावपटूस थांबवून वैद्यकीय मदत द्यावी. आजारी व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्यावाचून भाग घेऊ नये. पोलीस, आरोग्य केंद्र व नगर परिषद यांची एकत्र बैठक आधीच व्हावी आणि प्रत्येक चौकाची जबाबदारी नावानिशी ठरावी. यासाठी लागणारा पैसा फलक आणि सत्कारांवर खर्च झाला व रुग्णवाहिकेची तरतूद राहून गेली, तर आनंदाच्या दिवशी एखाद्या घरावर दुःखाचा प्रसंग ओढवेल. ही तरतूद झाल्याशिवाय शर्यतीची तारीख जाहीर करू नये.

समारोप

पांढुर्णा जिल्हा २०२३ साली अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याला नव्या इमारती मिळतील, कार्यालये मिळतील. लोकांनी एकत्र येण्याच्या प्रथा मात्र लोकांनाच घालाव्या लागतात. भरतीत अपयश आलेल्या मुलाला पुढील वर्षीच्या शर्यतीची तारीख ठाऊक असेल, शाळा सोडलेल्या मुलीला रस्त्यावर धावण्यात संकोच वाटणार नाही आणि शेवटचा वृद्ध टप्पा पूर्ण करीपर्यंत पाणी देणारे हात जागेवर असतील, तर त्या गावाची शर्यत सफल झाली असे म्हणता येईल. पहिला कोण आला, याची नोंद त्यानंतर करावी.