नव्वद सालच्या दोन बोटी

माझं बालपण पेणला, संसार रोह्याला, आणि मधली नोकरीची वर्षं परदेशी क्रूझ बोटींच्या पोटात गेली. काम पाइप-फिटरचं. वर प्रवासी नाचत असतात तेव्हा खाली गोडं पाणी, सांडपाणी आणि वाफ ज्यांच्या हातात असते, त्यांतला मी एक. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा वाटलं, बोटींचा विषय संपला. पण सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही क्रूझ बोट सुरू झाली आणि रोह्याच्या बाजारात, पेणच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न येऊ लागला. “काका, गोव्याची ट्रिप ठरवतोय. पण बोट तीस वर्षं जुनी आहे म्हणतात. जावं का?” उभ्या उभ्या काय उत्तर देणार? म्हणून लिहायला बसलो. एम्प्रेसवर मी कधी नोकरी केली नाही, तिच्याच पिढीच्या बोटींवर केली. तिची हाडं मात्र ओळखीची आहेत.

१. नावावर जाऊ नका, नंबर बघा.

ही बोट अ‍ॅडमिरल क्रूझेस नावाच्या कंपनीने ‘फ्यूचर सीज’ म्हणून बांधायला दिली होती. ती पुरी व्हायच्या आत ती कंपनीच रॉयल कॅरिबियनमध्ये विलीन झाली आणि १९९० मध्ये बोट पाण्यावर फिरू लागली ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होऊन. २००४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ द सीज’. २००८ मध्ये स्पेनच्या पुलमांतूर कंपनीकडे गेली तेव्हा नुसती ‘एम्प्रेस’. २०१६ मध्ये परत जुन्या मालकाकडे, परत जुनं नाव. आणि आता आपल्याकडे पुन्हा ‘एम्प्रेस’.

आपल्याला दुसरी बोट आठवत असेल, ‘कर्णिका’. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसने ती मुंबईत आणली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे पानभर फोटो होते. तीही १९९० चीच. ‘क्राउन प्रिन्सेस’ हे तिचं पहिलं नाव, आणि नामकरणाला साक्षात सोफिया लॉरेन आली होती. पुढे ‘आरोसा ब्लू’, ‘आयडा ब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’, ‘पॅसिफिक ज्युवेल’ आणि शेवटी कर्णिका. सहा नावं, लोखंड तेच.

प्रत्येक मोठ्या बोटीला सात आकडी आयएमओ नंबर असतो. मालक, झेंडा, रंग, नाव काहीही बदलो, तो नंबर भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. मोबाइलवर तो टाकला की बोटीची सगळी कुंडली समोर येते. तिकिटाचे पैसे भरण्याआधी पाच मिनिटं एवढं करा.

२. टनांवरून वजन मोजू नका.

एम्प्रेस ४८,५६३ टनांची. हे ऐकून लोक म्हणतात, एवढं वजन तरंगतं कसं? हे वजन नाही. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप. कर्णिका सुमारे ७०,००० ची होती. २०२४ मध्ये सुरू झालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळपास २,५०,००० ची आणि ३६५ मीटर लांब. एम्प्रेसची लांबी २११ मीटर. त्यामुळे ‘जगातल्या मोठ्या बोटींपैकी एक’ असं एजंट म्हणाला तर हसून सोडून द्या. आपल्या किनाऱ्यासाठी ती मोठी आहे, एवढं खरं आणि एवढं पुरेसंही.

३. बोट खालून वर चढत जात नाही, तुकड्यांनी जुळते. पुढचं सगळं दुखणं त्या जुळणीत असतं.

आमच्या पेणच्या आळीत गणपतीचं धड एका साच्यातून निघतं, हात दुसऱ्या साच्यातून. मग सांधे भरून, घासून मूर्ती एकसंध करतात. फ्रान्समधल्या सॅं-नाझेरच्या गोदीत, जिथे एम्प्रेस बांधली, किंवा इटलीतल्या मोन्फाल्कोनेत, जिथे कर्णिका बांधली, काम याच वाटेने चालतं. पोलादी पत्रे कापायचे, त्यांचे इमारतीएवढे ठोकळे वेल्डिंगने तयार करायचे, क्रेनने उचलून गोदीत एकमेकांना जोडायचे. ठोकळा जागेवर बसण्याआधीच त्याच्या आत पाइप आणि केबलचे मार्ग टाकलेले असतात. सांगाडा पुरा झाला की गोदीत पाणी सोडतात, बोट तरंगते, आणि मग धक्क्याला बांधून आतलं काम सुरू होतं. केबिन बहुतेक वेळा कारखान्यातून तयार खोकं म्हणून येते. बाथरूम, आरसा, दिवे सगळं बसवलेलं. ते खोकं आत सरकवायचं, पाणी आणि वीज जोडायची, पुढचं खोकं.

ही पद्धत वेळ वाचवते, त्याबद्दल वाद नाही. पण पाइप आधी आणि भिंती नंतर, या क्रमाची किंमत वीस वर्षांनी फिटर मोजतो. गळती एका केबिनमध्ये दिसते, भोक तीन केबिन पलीकडे असतं, आणि मधल्या पॅनेलमागे हात जाईल एवढीही फट नसते. नकाशावर पाइप सरळ दाखवलेला असतो. प्रत्यक्षात कुणीतरी, कधीतरी, कुठल्याशा ड्राय डॉकमध्ये तो वळवलेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. जुन्या बोटीवर नकाशापेक्षा जुना माणूस कामाला येतो, हे मी पहिल्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये शिकलो. माझ्या वेळी गोव्याचा एक बुजुर्ग फिटर होता. तो पॅनेलवर बोटाने टकटक करायचा आणि “इथं खोल” म्हणायचा. तो म्हणेल तिथेच सापडायचं. असा माणूस साइन ऑफ करून घरी गेला की बोट खरोखर एका दिवसात पाच वर्षांनी म्हातारी होते.

कर्णिकाच्या बाह्याकृतीवर रेन्झो पियानो या नामवंत वास्तुशिल्पीचा हात होता. डॉल्फिनच्या कपाळासारखा गोल घुमट. बाहेरून देखणा. असल्या वळणदार छताखालून पाइप नेणाऱ्याला कुणी विचारलं असतं तर त्याने वेगळं मत दिलं असतं.

४. वय विचारू नका, शेवटचं ड्राय डॉक कधी झालं ते विचारा.

प्रवासी बोटीचा तळ पाच वर्षांत किमान दोनदा तरी पाण्याबाहेर काढून तपासावा लागतो. तपासणी म्हणजे नुसता रंग मारणं नव्हे. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात, झिजलेला पत्रा कापून नवा बसवतात, समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह उघडतात. एम्प्रेस २०१६ मध्ये अमेरिकेला परतली तेव्हा स्वयंपाकघराचं आणि साठवणीच्या जागांचं काम ठरल्यापेक्षा वाढलं आणि जाहीर झालेल्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. पेपरात ही बातमी नाचक्कीसारखी येते. मला ती वाचून बरं वाटलं होतं. अमेरिकेत आरोग्य खात्याचे निरीक्षक न सांगता बोटीवर चढतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८६ च्या खाली गेलात की नापास. त्या परीक्षेसाठी फेऱ्या सोडणारा मालक एकीकडे, आणि गळक्या पाइपाला पट्टी गुंडाळून “या सीझनला चालव” म्हणणारा दुसरीकडे. दोन्ही प्रकारचे मालक मी पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारचं नाव इथे घेत नाही.

५. बोटीला समुद्र क्वचित मारतो, हिशेबाची वही जास्त मारते.

एकाच सालच्या दोन बोटी, दोन्ही मुंबईला आल्या. २०२० मध्ये साथ आली, क्रूझ बंद पडल्या. उभी बोटसुद्धा खात असते. वीज चालू ठेवावी लागते, खलाशी ठेवावे लागतात, बंदराचं भाडं वाढत जातं. जलेशचा धंदा त्यात बसला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कर्णिका गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. तिथे भरतीला बोट स्वतःच्या इंजिनावर किनाऱ्यावर घालतात आणि ओहोटीला कापायला सुरुवात करतात. त्याच डिसेंबरात रॉयल कॅरिबियनने एम्प्रेस विकायला काढली. तिला कॉर्डेलिया हे गिऱ्हाईक मिळालं.

कर्णिका जास्त झिजली होती म्हणून गेली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. तिची जुळी बहीण ‘रीगल प्रिन्सेस’ त्याच गोदीत १९९१ मध्ये तयार झाली होती. तीही त्याच सुमारास भंगाराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली होती. पण ती वाचली, आणि २०२२ पासून ‘अँबियन्स’ या नावाने इंग्लंडहून प्रवासी नेते आहे. एकाच आराखड्याच्या दोघींपैकी एक कापली गेली, एक चालू. एम्प्रेसच्या बाबतीत एक कारण तरी समजतं. ती मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी आखलेली बोट आहे. मायामीहून बहामाला जाऊन सोमवारी परत, अशा धंद्यासाठी. मुंबई–गोवा–लक्षद्वीप या फेऱ्यांना ते माप बसलं. मधल्या काळात क्युबाच्या फेऱ्यांवरही ती चांगली चालली होती. जून २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने त्या एका आदेशाने बंद केल्या. बोटीचा त्यात काय दोष?

६. बुडालेली बोट नवी होती, हे विसरू नका.

आमच्या भागात बोट म्हटलं की जुनी माणसं ‘रामदास’ म्हणतात. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली आगबोट वाटेतच कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत त्या अमावस्येच्या सुमारास रडारड झाली. इंग्लंडमधल्या स्वान हंटर या नामांकित गोदीत १९३६ मध्ये ती बांधली होती. म्हणजे जेमतेम अकरा वर्षांची. गोदी उत्तम, वय कोवळं. पण बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला वेळेवर कळलंच नाही. जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनी मासळीच्या होड्यांत ओढून घेतलं.

आज बोट सुटण्याआधीच प्रवाशांना जमवून लाइफ जॅकेट आणि जागा दाखवतात. त्याला मस्टर म्हणतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. नियम त्यानंतर घट्ट झाला. आपली मंडळी मस्टरच्या वेळी बुफेच्या रांगेत असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या अर्ध्या तासात जेवण कुठेही जात नाही.

७. पावसाळ्यात हट्ट करू नका.

जून ते ऑगस्टमध्ये आपला किनारा खवळलेला असतो. एम्प्रेसही त्या दिवसांत चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करते. तेव्हा श्रावणात कुणी मुंबईहून स्वस्त क्रूझ देतो म्हणाला, तर आधी बोटीचं नाव विचारा.

८. मुलगा बोटीवर जातो म्हणाला तर एजंटाला पैसे देऊ नका.

धाटावच्या कारखान्यांत फिटर, वेल्डर झालेली पोरं हल्ली विचारायला येतात. जावं, पगार चांगला आहे, आणि हाताला असं वळण दुसरीकडे लागत नाही. पण खलाशी भरणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा, परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेणं नियमाने बंद आहे. ओळखीतल्या एका पोराने जमीन गहाण टाकून कुणाला रक्कम दिली. बोट सोडाच, ऑफिसही पुन्हा सापडलं नाही. परवान्याचा नंबर मागा, डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर ताडून बघा. माणूस नंबर द्यायला टाळाटाळ करतोय म्हटल्यावर चहाही न घेता उठा.

९. आणि गेलातच तर, केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या.

तिथे हेलकावा सगळ्यात कमी. बाल्कनीचे जादा पैसे वाचतील ते वेगळेच. केबिनमधलं टॉयलेट हवेच्या ओढीवर चालतं, घरच्यासारखं पाण्याच्या लोंढ्यावर नाही. त्यात टॉवेल, डायपर, सुपारीची पुडी असलं काही गेलं की त्या लायनीवरच्या सगळ्या केबिन अडतात, आणि माझ्यासारखा कुणीतरी रात्री दोन वाजता पान्हा घेऊन तुमच्या दारात उभा राहतो.