पाच पौंड दंड

मुलांनो, गोष्ट १९१९ सालची. पहिलं महायुद्ध थांबलं होतं, पण ब्रिटन व दोस्त राष्ट्रांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची केलेली नाकेबंदी उठली नव्हती. नाकेबंदी म्हणजे धान्याची जहाजंसुद्धा अडवायची! व्हिएन्ना शहरात पोरं उपाशी होती. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात एग्लन्टाइन जेब नावाच्या बाई अशा मुलाच्या चित्राची पत्रकं वाटू लागल्या. या बाई पूर्वी शिक्षिका होत्या, बरं का. पोलिसांनी त्यांना धरलं. खटला झाला, पाच पौंड दंड झाला. गंमत अशी, की विरुद्ध बाजूच्या सरकारी वकिलानेच तेवढे पैसे त्यांना देऊ केले!

शत्रूच्या मुलांना मदत करणं पुष्कळांना रुचत नव्हतं. बाईंचं म्हणणं साधं होतं : मूल कुणाचं शत्रू नसतं. १९२३ साली त्यांनी पाच कलमं लिहिली. भुकेल्या मुलाला अन्न, आजाऱ्याला औषध, अनाथाला आसरा द्यावा. संकटात मदत आधी मुलांना मिळावी, इत्यादी. राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये ती मान्य केली. हाच जिनेव्हा जाहीरनामा.

पण जाहीरनामा म्हणजे नुसता शब्द. मोडला तर विचारणार कोण? म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी ५४ कलमांचा बालहक्क करार केला. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात मूल. करारात आलेल्या देशाला दर पाच वर्षांनी जिनेव्हातील समितीपुढे अहवाल द्यावा लागतो. ३१ वं कलम तर चक्क खेळण्याच्या व विश्रांतीच्या हक्काचं आहे!

भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. मात्र बालमजुरीच्या ३२ व्या कलमाबद्दल तेव्हाच सांगितलं, की हे एकदम जमणार नाही, टप्प्याटप्प्याने करू. पुढे २०१६ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. शाळेव्यतिरिक्तच्या वेळी घरच्या धंद्यात हातभार लावायची सूट राहिली.

आता आपल्या वर्गाकडे बघा. दिवाळी झाली की काही जागा रिकाम्या होतात. आईबाप ऊसतोडीला, मुलंही बरोबर. फडात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. धाकट्याला सांभाळणारी, मोळ्या उचलू लागणारी पोरगी मुकादमाच्या वहीत कुठंच नसते. मग ती अहवालात कशी येणार?

कारखाना बंद झाला की ती मंडळी परततील. तोवर हा कागद भिंतीवरून काढू नये. ३१ वं कलम त्यांनीही वाचायचं आहे.