रोपवाटिकेची ऊब : बियाणे व छाट कलमांसाठी तापती रोपपेटी

उन्हाळी भाजीपाल्याचा हंगाम साधावयाचा असेल तर त्याची तयारी ऐन थंडीत करावी लागते. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे जानेवारी-फेब्रुवारीत लागवडीस यावीत म्हणून त्यांचे बी डिसेंबर-जानेवारीत टाकले जाते. नेमक्या याच दिवसांत महाराष्ट्राच्या पठारी भागात रात्रीचे तापमान बरेच खाली येते. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे तर डिसेंबर २०१८ मध्ये पारा २ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता. संकरित बियाणे महाग असते. ते वेळेवर उगवले नाही तर पैसा जातोच, शिवाय हंगामही हातचा निघून जातो. थंडीतील रोपवाटिकेचा विचार शास्त्रीय दृष्टीने करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

उगवणीस ऊब कशासाठी?

बी पाणी शोषून घेते आणि त्यातील साठविलेल्या अन्नाचे विघटन सुरू होते. या क्रियेची गती तापमानावर अवलंबून असते. मिरची व वांगी यांना २५ ते ३० अंश, तर काकडी व कलिंगड यांना २८ ते ३२ अंश तापमान मानवते. टोमॅटोला २५ अंशांच्या आसपासची ऊब पुरेशी होते. याउलट कोबी व फुलकोबी थोड्या थंडीतही चांगली उगवतात. सॅलडचे बी तर ३० अंशांच्या वर बहुधा उगवतच नाही. तेव्हा सर्वच बियांना सारखी ऊब देणे युक्त नव्हे.

थंड आणि ओल्या मातीत बी दीर्घकाळ पडून राहिल्यास ते कुजते. तेथे बुरशीची वाढ होते आणि जी रोपे वर येतात तीही बुडाशी सडून कोलमडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बियाला ऊब हवी असते ती मातीची. बाष्पीभवनामुळे ओली माती सभोवतालच्या हवेपेक्षा अनेकदा थंड असते. भिंतीवरील तापमापकाचा आकडा पाहून रोपवाटिकेचा अंदाज बांधणे त्यामुळे फसवे ठरते. तापमापकाचे टोक २ ते ३ सेंटीमीटर मातीत खुपसून सकाळी व दुपारी नोंद घ्यावी, हे उत्तम.

रोपपेटीची रचना

थंड हवेच्या देशांत बागाईतदार पूर्वी घोड्याच्या ताज्या लिदेचा थर देऊन त्यावर माती पसरीत व वर काचेचे झाकण ठेवीत. लीद कुजताना निर्माण होणारी उष्णता मुळांना मिळे. विजेवर चालणारी रोपपेटी हे याच कल्पनेचे सुधारलेले रूप होय. उथळ पेटीच्या तळाशी उष्णता देणारी तार असते. तीवर ओलसर वाळूचा सुमारे ५ सेंटीमीटरचा थर असतो, कारण ओली वाळू उष्णता सर्वत्र सारखी पोहोचविते. वाळूवर रोपांचे ट्रे ठेवतात. वर पारदर्शक झाकण असून त्यास हवेसाठी झरोके असतात. तापमान ठरावीक अंशावर पोहोचताच वीजपुरवठा तोडणारा थर्मोस्टॅट हा या पेटीचा प्राण होय. तो नसल्यास माती अतितप्त होऊन बी भाजून निघते.

शंभर वॅटची तार रात्री दहा तास चालली तर एक युनिट वीज लागते. पाणी व वीज येथे एकत्र येत असल्याने अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसविल्याविना अशी पेटी वापरू नये.

छाट कलमांचे तंत्र

छाट कलमांच्या बाबतीत तळाची ऊब अधिकच मोलाची आहे. फाट्याच्या बुडाशी २१ ते २४ अंश तापमान असावे व वरची हवा त्याहून थोडी थंड असावी. वर थंडावा असल्याने डोळे लवकर फुटत नाहीत आणि खाली ऊब असल्याने जखम भरून येऊन मुळ्या सुटतात. मुळ्यांपूर्वी पालवी फुटली तर फाट्यातील अन्नसाठा संपून तो वाळतो. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटासारखे फाटे रुजण्यास कठीण असतात. अशा फाट्यांना मूळ फुटण्याचे संजीवक लावून अशी ऊब दिल्यास यशाची शक्यता वाढते.

विजेविना पर्याय

प्रत्येक गावाने विजेची पेटी खरेदी करावी, असे मुळीच नाही. आपल्याकडे दुपारी ऊन भरपूर असते. प्रश्न असतो तो रात्रीची ऊब टिकविण्याचा. व्यावसायिक रोपवाटिकांत कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये बी टाकून, पाणी देऊन, ट्रे एकावर एक रचतात व प्लास्टिकने झाकतात. आतील ऊब व ओल टिकून उगवण एकसारखी होते. मात्र कोंब दिसू लागताच ट्रे त्याच दिवशी पसरून प्रकाशात ठेवावे लागतात, अन्यथा रोपे लांब, फिकट व दुबळी होतात. गादीवाफ्यावर कामट्यांची कमान करून रात्री प्लास्टिक अंथरणे व उन्हे वर येताच ते बाजूस करणे, हा त्याहूनही स्वस्त उपाय. बंद प्लास्टिकखाली दुपारचे तापमान झपाट्याने चढते, याचा विसर पडू देऊ नये.

उगवणीनंतरची ऊब हळूहळू कमी करावी. लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी थोडे आवरून रोपे उघड्या हवेत ठेवल्यास ती काटक बनतात. पेटीतून थेट शेतात गेलेले रोप बहुधा मान टाकते.

शाळा व ग्रामपंचायत

शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांना प्रयोगातून शिकवावा. दोन ट्रेमध्ये मिरचीचे प्रत्येकी पन्नास बी टाकावे. एक ट्रे उघडा व दुसरा झाकलेला ठेवून रोज मातीचे तापमान आणि उगवलेल्या कोंबांची संख्या फळ्यावर लिहावी. ग्रामपंचायतीच्या वा महिला बचत गटाच्या रोपवाटिकेसाठी उपकरण घेण्याचा ठराव करण्यापूर्वी अशी पंधरा दिवसांची नोंद सभेपुढे ठेवणे हितावह ठरेल. माती कोणत्या वेळी, किती अंशांनी थंड पडते हे कळले म्हणजे प्लास्टिकच्या कमानीने काम भागेल की विजेची तार लागेल, याचा निर्णय सहज होतो. सार्वजनिक निधीतून घेतलेली पेटी कोपऱ्यात धूळ खात पडण्यापेक्षा थोड्या रुपयांचा तापमापक रोज वापरात असणे गावाच्या अधिक उपयोगाचे आहे.