‘सेल्टा’ करायचंय? आधी हे वाचा

इंग्रजी घेऊन बी.ए. किंवा एम.ए. झालेल्या मुलांचे पालक विचारतात तो प्रश्न ठरलेला असतो: बी.एड. करावं की आणखी काही? अलीकडे त्या ‘आणखी काही’मध्ये ‘सेल्टा’चं नाव यायला लागलंय. कुणाचा तरी भाचा मस्कतला असतो, त्याच्या ओळखीत कुणीतरी तो कोर्स केलेला असतो, आणि ‘केंब्रिज विद्यापीठाचं सर्टिफिकेट, तेही महिन्याभरात’ हे वाक्य घरात फिरू लागतं. वाक्य खोटं नाही. त्यातून घरचे जे गृहीत धरतात, ते मात्र बऱ्याचदा चुकतं.

सेल्टा हे प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र. त्याचं मूळ लंडनच्या ‘इंटरनॅशनल हाउस’मध्ये सापडतं. जॉन हेक्राफ्ट यांनी 1962 मध्ये तिथे शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा कोर्स सुरू केला, आणि पुढे तो वाढत केंब्रिजच्या छत्राखाली आला. आज पूर्ण वेळ केला तर चार-पाच आठवडे लागतात, अर्धवेळ केला तर काही महिने. किमान 120 तास प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली काढायचे, अनुभवी शिक्षकांचे सहा तास बघायचे, चार लेखी असाइनमेंट द्यायच्या. शेवटी बसून लिहायची परीक्षा नाही, हे ऐकून मुलं खूश होतात. पण खरी परीक्षा रोजच असते. प्रत्येकाला सहा तास खऱ्याखुऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर. मागच्या बाकावर प्रशिक्षक लिहीत बसलेला असतो आणि बरोबरचे इतर शिकाऊ शिक्षकही बघत असतात. तास संपला की सगळ्यांसमोर चिरफाड.

ही चिरफाड कशाची होते? समजा, ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’ हे वाक्य शिकवायचं आहे. आपल्याकडची सवय म्हणजे नियम फळ्यावर लिहायचा, दोन उदाहरणं द्यायची आणि विचारायचं, “समजलं का?” सगळे माना डोलावतात. चाळिशीचा माणूस चारचौघांत ‘नाही समजलं’ म्हणत नाही. शाळेतला मुलगा निदान चेहऱ्यावरून तरी पकडला जातो. म्हणून सेल्टात ‘समजलं का’ हा प्रश्न जवळपास हद्दपार असतो. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारायचे: हा माणूस आता नाशिकला राहतो का? पूर्वी राहत होता का? दोन-चार दिवसांसाठी गेला होता की बराच काळ होता? तिन्हींची उत्तरं बरोबर आली तर अर्थ पोचला. हे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत, आदल्या रात्री पाठाच्या टाचणात लिहून ठेवावे लागतात. कुठल्या टप्प्याला किती मिनिटं, विद्यार्थी कुठे अडखळतील, अडखळले तर काय करायचं, हे सगळं त्या टाचणात असतं. शिवाय शिक्षकाने स्वतः कमी बोलायचं. वर्गात गाजणारे हजरजबाबी विद्यार्थी इथे हमखास मार खातात, कारण त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरू नये. इंग्रजी वरच्या दर्जाचं लागतंच. प्रवेशाआधी एक लेखी काम आणि मुलाखत असते, त्यात कच्चं असलेलं लपत नाही. पण इंग्रज मायबाप लागत नाहीत. उलट ज्याने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेशी झुंजून इंग्रजी कमावलं, त्याला शिकणाऱ्याची अडचण कुठे असते ते आतून ठाऊक असतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांना आपलंच व्याकरण नव्याने शिकावं लागतं.

आता पालकांचा प्रश्न: नोकरी लागेल का? इथे स्पष्ट बोलायला हवं. सेल्टा ही पदवी नव्हे. भारतात शाळेत शिकवायचं तर बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटी लागते, वरिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. सेल्टाने यातलं काहीच टळत नाही. त्याचा उपयोग होतो तो भाषासंस्थांमध्ये, कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांत, परदेशी जाणाऱ्यांना आयईएलटीएसची तयारी करून देणाऱ्या क्लासांमध्ये, आणि आखाती देशांतल्या भाषाकेंद्रांत. तिथेही पदवी आणि अनुभव जोडीला मागतात. आणि पासपोर्टचा अडथळा असतो. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा ई-2 व्हिसा सातच इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे, भारत त्यात नाही. प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी ती यादी बदलत नाही. हा अन्याय आहे असं माझं मत आहे, पण फी भरण्याआधी तो माहीत असलेला बरा.

ज्यांना इंग्रजीपेक्षा साक्षरतेच्या कामात रस आहे, त्यांची वाट वेगळी. इग्नूमध्ये प्रौढ शिक्षणात एम.ए. करता येतं. केंद्र सरकारचा 2022 ते 2027 या काळासाठीचा ‘उल्लास’ कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे, पण तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. त्यात शिकवून अनुभव भरपूर मिळेल, पगार नाही.

पुन्हा सेल्टाकडे. बाजारात इंग्रजी शिकवण्याचं ‘120 तासांचं’ ऑनलाइन सर्टिफिकेट दोन-चार हजारांतही मिळतं. आकडा सेल्टासारखाच असल्याने फसगत होते. चौकशीला जाल तेव्हा एवढंच विचारा: प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना शिकवायला किती तास मिळतील, आणि ते बघायला कोण बसेल? उत्तर गोलमोल आलं तर परत या. सेल्टा मात्र आता पूर्ण ऑनलाइनही करता येतो आणि त्यात शिकवण्याचे तास सुटत नाहीत, ते व्हिडिओ वर्गावर घ्यावे लागतात.

माझा सल्ला विचाराल तर पदवी होताच लगेच सेल्टा करू नका. फी मध्यमवर्गीय घराला जाणवेल इतकी असते, आणि त्यासाठी कर्ज काढणं मला पटत नाही. आधी गावातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये सहा महिने शिकवा. संध्याकाळी दुकान बंद करून आलेला माणूस समोर बसला की आपल्याला हे काम झेपतं का ते कळतं. झेपलं, आवडलं, तर मग पैसे भरा. आणि पूर्ण वेळची बॅच घेणार असाल तर त्या महिन्यात घरात लग्नकार्य नाही ना, ते आधी पाहून घ्या. रात्री बारापर्यंत टाचणं लिहिणाऱ्या मुलीला कुणी “जरा हळदीला ये” म्हणून उठवलं की दुसऱ्या दिवशीचा तास गेला म्हणून समजा.