आमदाराचा प्रश्न कोणाच्या हातून जातो?

मागच्या पाठात आपण आमदाराविषयी वाचले. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आपण मत देऊन पाठवतो. विधान परिषदेचे ७८ सभासद निराळ्या रीतीने येतात. पण सभा चालवायला नुसते आमदार पुरत नाहीत. कागद कोण सांभाळतो? कोण काय बोलले ते कोण लिहून घेतो? हे सारे काम विधानमंडळ सचिवालयाचे. त्याची कचेरी मुंबईच्या विधान भवनात आहे.

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. जुनी माणसे मंत्रालयालाही सचिवालयच म्हणतात. पूर्वी त्याचे नावच तसे होते. पण ती कचेरी वेगळी. तिथले नोकर मंत्र्यांच्या हुकमात असतात. विधानमंडळाचे नोकर मात्र विधानसभेचे अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती यांच्या हाताखाली असतात.

असे का बरे? समजा, तुमच्या गावचा पाझर तलाव फुटला. दुरुस्तीचे पैसे खर्ची पडले, पण तलावात पाणी काही ठरत नाही. तुमच्या आमदाराने मंत्र्याला प्रश्न टाकला. तो कागद मंत्र्याच्याच माणसाने घेतला असता, तर पुढे सरकला असता का? ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच हाती दप्तर देऊन कसे चालेल? म्हणून घटनेच्या १८७ व्या कलमाने विधानमंडळाला वेगळा नोकरवर्ग दिला आहे.

आता तो कागद कसा जातो ते पाहू. कारकून त्याची नोंद करतो. कक्ष अधिकारी तो नियमाशी ताडून पाहतो. प्रश्न सरकारच्या कामाबद्दल आहे ना? कोर्टात चाललेल्या खटल्याबद्दल तर नाही? मग अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढण. शेवटचा शब्द अध्यक्षांचा. प्रश्न मान्य झाला, की संबंधित खात्याकडे उत्तरासाठी जातो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर आणखी उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला उत्तर लेखी मिळते.

आम्हांला सर्वांत नवल वाटते ते प्रतिवेदकांचे. सभा चालू असता हे लोक लघुलिपीत भाषणे टिपून घेतात. थोड्या थोड्या वेळाने एक उठतो, दुसरा बसतो. “तलाव दुरुस्त करू,” असे मंत्री म्हणाले, की ते कागदावर उतरलेच. पुढे तो शब्द पाळला की नाही, हे पाहायला आमदारांची आश्वासन समिती असते. तिचे कागदही सचिवालयच सांभाळते.

शिवाय ग्रंथालय आहे, दारावर सुरक्षेची माणसे आहेत, शिपाई आहेत. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. १९५३ च्या नागपूर कराराचा हा परिणाम. तेव्हा फायली आणि माणसे, सगळा संसार नागपूरला हलवावा लागतो. दर खेपेला केवढा तो खटाटोप!

गावकऱ्यांना स्वतःही विधानमंडळाकडे गाऱ्हाणे नेता येते. त्यासाठी विनंती अर्ज समिती आहे. अर्ज आमदारामार्फत जातो. त्याच्याखाली अर्जदाराने आपले पूर्ण नाव व पत्ता लिहून सही करायची असते.